कामाला येणारी कविता

मराठी माणूस कविता विकत घेत नाही, ही प्रकाशकांची तक्रार खरी आहे. थोड्या प्रती छापायच्या, त्यातल्या निम्म्या कवीने स्वतःच वाटायच्या, उरलेल्यांवर गोदामात धूळ साचू द्यायची, असा तो व्यवहार. पण एवढ्यावरून मराठी माणसाला कविता लागतच नाही असं म्हणून मोकळं होणाऱ्यांनी एकदा लग्न ठरलेल्या घरात जाऊन बसावं. हॉल ठरलेला असतो, केटररला आगाऊ रक्कम गेलेली असते, आणि घरातली एक मावशी किंवा आत्या चारचौघांतून उठून आतल्या खोलीत वही घेऊन बसलेली असते. तिला मंगलाष्टकं रचायची असतात.

मंगलाष्टकं शार्दूलविक्रीडितात असतात. ओळीत १९ अक्षरं, १२व्या अक्षरावर यती. म स ज स त त हे गण आणि शेवटी एक गुरू. हे ज्या मावशीला अजिबात ठाऊक नसतं तीच बहुधा घरची मंगलाष्टकं रचते. तिच्या कानात चाल पक्की असते आणि चालीत जे अडखळतं ते चूक, एवढं शास्त्र तिला पुरतं. खरी कसरत नावांची. दोन्हीकडचे आजी-आजोबा, मामा, काका, आत्या, कोणाचंही नाव राहिलं तर लग्नभर तोंड फुगणार. मधुसूदन नावाचा काका असेल तर तो ओळीत चौथ्या अक्षरापासून आठव्यापर्यंत चपखल बसतो, फक्त शेवटच्या 'न'ला काना द्यावा लागतो. सुलोचना नावाची काकू पाचव्यापासून आठव्यापर्यंत बसते, दुसरीकडे कुठेच नाही. म्हणजे दोघांची जागा एकच, आणि हे जोडपं शार्दूलविक्रीडिताच्या एका ओळीत काही केल्या येऊ शकत नाही. मग काकूला खालच्या ओळीत घ्यायचं आणि तिला खाली का घातलं याचा जाब पुढची काही वर्षं देत राहायचा.

लग्नाच्या दिवशी ही मावशी माइक हातात घेते. अक्षता वाटून झालेल्या असतात, मुलं त्या भलत्याच ठिकाणी उधळत असतात, व्हिडिओवाला मध्येच येतो. मावशी चार कडवी नीट म्हणते आणि पाचव्यात, जिथे मुलगी आता घर सोडून निघाली आहे असा भाग येतो, तिथे तिचा आवाज फुटतो. ती थांबत नाही. चाल तिला ओढून पुढच्या यतीपर्यंत नेते. एरवी हीच मावशी भाचीला जवळ घेऊन 'तू गेलीस की मला करमायचं नाही' असं जन्मात म्हणाली नसती. आपल्याकडे अशी वाक्यं बोलायची रीत नाही. बोलणाऱ्यालाही लाज आणि ऐकणाऱ्यालाही. पण १९ अक्षरांच्या ओळीत, दोनशे माणसांसमोर, ध्वनिवर्धकावरून ते बिनदिक्कत म्हणता येतं.

ओव्या, पाळणे, उखाणे, भोंडल्याची गाणी, घरगुती मंगलाष्टकं, भीमगीतं, पुण्यस्मरणाच्या जाहिरातींतल्या ओळी आणि गाड्यांच्या मागे रंगवलेले शेर अशी ही भेळ एका पुस्तकात का घातली, याचं उत्तर त्या मावशीत आहे. 'कवितेचा उपयोग काय?' हा प्रश्न साहित्याच्या व्यासपीठावर विचारला की वक्ते गोरेमोरे होतात आणि 'कविता निरुपयोगी असते, हेच तिचं मोठेपण' असं काहीतरी सांगून वेळ मारून नेतात. घरात मात्र हा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण तिथे कविता कामाला येते. जे गद्यात म्हणायची सोय नसते, परवानगी नसते किंवा हिंमत नसते, ते म्हणायला ती लागते. या पुस्तकातलं बहुतेक सगळं याच गरजेतून आलेलं आहे.

ओवीपासून सुरुवात करतो, कारण पुस्तकातला सर्वांत मोठा भाग तिचा आहे आणि तिच्याबद्दल सर्वांत जास्त भाबडं बोललं जातं.

बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ केला. राजाने काय खावं, हत्ती कसे पारखावेत, मासे कसे धरावेत असं सगळं त्यात आहे. गाण्यांबद्दल बोलता बोलता त्यात एक नोंद येते: महाराष्ट्रात बायका धान्य कांडताना ओवी गातात. राजदरबारच्या ग्रंथाला मुसळाजवळच्या बायकांचं गाणं ऐकू गेलं होतं, म्हणजे ते तेव्हाही नवं नसणार. १२९० मध्ये ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत सांगितली तेव्हा नऊ हजारांच्या घरात ओव्या झाल्या. आज ओवी म्हटलं की आधी ज्ञानेश्वरी आठवते, आणि त्यात गैर काही नाही. पण छंद आधी उखळापाशी होता, पोथीत नंतर आला, हा क्रम विसरू नये. ग्रंथातली ओवी आणि गळ्यातली ओवी यांची बांधणी पुढे वेगळी झाली. गळ्यातली बहुधा दोन ओळींत आटोपते, कारण तेवढ्यात श्वास संपतो आणि जात्याला पुढची मूठ लागते.

जातं चालताना पाहिलेली माणसं आता कमी, म्हणून थोडं सांगतो. दोन गोल दगड, खालचा घट्ट, वरचा फिरता. वरच्याच्या तोंडात धान्य मूठमूठ वैरायचं आणि लाकडी खुंटा धरून तो फिरवायचा. दोघी समोरासमोर असल्या तर एकीने ओढायचं, दुसरीने पुढे द्यायचं. दगड गुळगुळीत झाला की पीठ नीट पडत नाही. मग टाकी लावणारा येईपर्यंत तसंच रेटायचं. भाकरीचं घर, दहा खाणारी तोंडं असली की पहाटे कोंबडा आरवायच्या आधी बसलं तरी उजाडेपर्यंत उठणं नाही. हे रोज.

श्रम हलके व्हावेत म्हणून बायका गात, असं आपण शाळेपासून ऐकतो. मला हे स्पष्टीकरण कधीच पुरं वाटलं नाही. श्रम हलके करायला नुसता हुंकार पुरतो, ताल पुरतो. ओझं उचलणारे हमाल आणि नाव ओढणारे कोळी तेवढ्यावर भागवतात. मग इथे शब्द कशाला हवे होते? आणि तेही असे नेमके, सासूच्या बोलण्याचे, दिराच्या तोऱ्याचे, न येणाऱ्या भावाचे, मेलेल्या लेकराचे?

त्या पहाटेची रचना बघा. घर झोपलेलं असतं, निदान डोळे मिटून पडलेलं असतं. जात्याची घरघर भिंतीपलीकडे जाते, तिच्या आवाजाखाली शब्द अर्धे झाकलेले असतात. आणि सासूला ते नीट ऐकू गेले, तरी ती काय म्हणणार? 'तू मला बोललीस' म्हणणार? सून म्हणेल, मी कुठे, मी तर ओवी म्हणत होते. माझी आजी म्हणायची तीच. ओवीला कर्ता नसतो, हा तिचा दोष नाही, तिचं चिलखत आहे. शब्द आजीचे, दुखणं स्वतःचं. दिवसा तोंडातून हूं की चूं न काढणारी बाई त्या दोन तासांत घराचा सगळा ताळेबंद मांडून मोकळी होई, आणि तिच्यावर आरोप ठेवायला कुठे पुरावा नसे. शिवाय ओवीत गाळलेल्या जागा असतात. भावाचं नाव, गावाचं नाव, लुगड्याचा रंग ज्याचा त्याने भरायचा. त्यामुळे एकच ओवी मावळात एकीची असते आणि माणदेशात दुसरीची, आणि दोघींनाही ती आपलीच वाटते.

ओव्यांत भाऊ जागोजागी भेटतो, हे या पुस्तकातही दिसेल. बहिणीची माया वगैरे आहेच. पण व्यवहारही आहे. माहेरी न्यायला येणारा तोच. त्याची वाट बघणं म्हणजे रजेची वाट बघणं.

या गाण्यांकडे शिकलेल्यांचं लक्ष गेलं ते हळूहळू. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये ओव्या जमवल्या. कमलाबाई देशपांडे यांनी स्त्रीगीतांवर ग्रंथ लिहून त्यांना 'अपौरुषेय वाङ्मय' म्हटलं. वेदांसाठी राखून ठेवलेलं विशेषण त्यांनी उचलून बायकांच्या गाण्यांना लावलं, आणि लावताना त्यांना हसू आलं असेल असं मला नेहमी वाटतं. पण मोठं काम पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांचं. १९८०च्या दशकात मुळशी-मावळच्या डोंगरी गावांपासून सुरू झालेला हा उद्योग महाराष्ट्रभर पसरला. हजाराहून अधिक गावांतून एक लाखावर ओव्या लिहून घेतल्या गेल्या. पुढे बेर्नार बेल यांच्या मदतीने कित्येक ध्वनिमुद्रितही झाल्या. आज तो संग्रह 'पारी' या संकेतस्थळावर ऐकता येतो. ज्याला वेळ असेल त्याने हे पुस्तक खाली ठेवून आधी तिथे जावं. छापील ओवी वाचणं म्हणजे जेवणाच्या पानाऐवजी यादी चघळणं.

त्या संग्रहात बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगर वस्तीत मुद्रित केलेल्या ओव्या आहेत, बाबासाहेबांवरच्या. ज्या चौकटीत आधी राम-सीता बसत, पंढरीचा विठ्ठल बसे, त्याच चौकटीत या बायकांनी बाबासाहेबांना आणि रमाबाईंना आणून बसवलं. चाल तीच, घरोबा तोच. बाबासाहेब त्यांच्या ओवीत कधी भाऊ होऊन येतात, कधी बाप. समाजशास्त्राच्या पुस्तकात या घटनेला लांबलचक नाव असेल. जात्यावर ती गाळलेली जागा नव्याने भरण्याइतकी सहज घडली.

मग गिरणी आली. डब्यात दळण घालून पोराला पाठवलं की पाऊण तासात पीठ घरात. बायकांनी जातं सोडलं आणि हात झटकले. लोकसाहित्याचे अभ्यासक फार हळहळले, पण त्या हळहळणाऱ्यांत रोज पायलीभर दळणारी कोणी नसावी. मला जातं गेल्याचं दुःख नाही, आणि या पुस्तकात ते करू नये असं आम्ही आधीच ठरवलं होतं. लग्नात हळदीच्या वेळी जात्याला हळकुंड बांधून पाच सुवासिनी दोन-चार फेरे फिरवतात, तेवढं जातं पुष्कळ झालं. प्रश्न वेगळा आहे. दळणाबरोबर ती परवानगीही गेली. पहाटेचे ते दोन तास, जेव्हा काहीही बोललं तरी ते गाणं ठरत असे, ते परत कोणी दिले का? भजनी मंडळात थोडे मिळतात, बचत गटाच्या बैठकीत चहा येईपर्यंत थोडे मिळतात. बाकी मोबाइलवर कोणाकोणाच्या नावाने फिरणाऱ्या ओळी पुढे ढकलून भागवावं लागतं. त्या ओळी बऱ्याचदा भिकार असतात. पण रात्री अकराला एखादी वहिनी नणंदेला उद्देशून तसली ओळ 'स्टेटस'वर ठेवते आणि नणंदेने विचारलं तर 'आवडली म्हणून ठेवली, तुझ्यावर कशाला' म्हणते, तेव्हा ती नेमकं तेच करत असते जे तिची पणजी खुंटा धरून करत होती.

हीच मुभा देवाच्या बाबतीत घेतलेली दिसते. नामदेवांच्या घरी राबणाऱ्या जनाबाईने विठ्ठलाला आपल्याबरोबर दळायला बसवलं. शेणी वेचणारा, पाणी भरणारा, कष्टात हातभार लावणारा देव कुठल्या शास्त्रात नव्हता, अभंगात मावला. चोखोबांनी महाद्वाराबाहेर उभं राहून देवाला जे विचारलं, ते पुजाऱ्याला विचारलं असतं तर काय झालं असतं हे सांगायला नको. आणि तुकोबा तर विठोबाशी असे भांडतात की शेजारच्या घरात ऐकू जावं. वारीत हे सगळं लाखोंच्या तोंडी आहे. दर आषाढीला देवाला खडे बोल सुनावत त्याच्याच दारी चालत जाणं, यात कोणालाही काही विपरीत वाटत नाही. टाळ-मृदंगाशिवाय, साध्या बोलण्यात कोणी तसं बोलून पाहावं.

भोंडला, हादगा, खानदेश-विदर्भातली भुलाबाई या गाण्यांचा बाज निराळा. आश्विनात पाटावर हत्ती काढायचा, त्याभोवती फेर धरायचा आणि सासरच्या यच्चयावत माणसांची टर उडवायची. गाणाऱ्या मुली आठ-दहा वर्षांच्या. सासर अजून लांब. म्हणजे हे शिक्षणच होतं: पुढे काय वाढून ठेवलं आहे आणि त्याला हसायचं कसं. शेवटी खिरापत ओळखायची. आताच्या सोसायट्यांत भोंडला होतो, खिरापतीला पिझ्झाही असतो, आणि सासूच्या नावाने गाणं म्हणणाऱ्यांत सासवाही फेर धरतात. गंमत आहे. धार मात्र बोथट झाली, कारण ज्याच्यावर ती धरायची ते उरलं नाही किंवा दुसरीकडे गेलं.

उखाण्याबद्दल आम्हा संकलकांत मतभेद होते. एका बाजूचं म्हणणं, ही कविताच नव्हे. नुसतं यमक जुळवून मागे नवऱ्याचं नाव चिकटवायचं. चांदीचं ताट, भोवती रांगोळी, समोर समई, आणि मग कुठलंही नाव आणा. हे खरं आहे. उखाण्याची पहिली ओळ आणि दुसरी ओळ यांचा एकमेकींशी काही संबंध असावा, अशी अटच नाही. पण तो उभा कुठे राहिला ते पाहा. नवऱ्याचं नाव घेणं निषिद्ध असलेल्या घरात, सगळ्यांच्या देखत, ते नाव मोठ्याने घ्यायला लावणारा हा प्रकार. मनाई आणि आग्रह एकाच माणसांचा! वर्षभर 'अहो' आणि 'इकडून' म्हणणाऱ्या बाईला त्या दिवशी हक्काने नाव घेता येई, कारण ते यमकात होतं. आता बायका नवऱ्याला सरळ नावाने हाक मारतात, भरचौकात मारतात, तरी मंगळागौरीला आणि गृहप्रवेशाला 'नाव घे' हा गलका चुकत नाही. मनाई गेली, तिची तोड राहिली. नवरी मोबाइलमध्ये बघून उखाणा वाचते तेव्हा मागून कोणीतरी 'पाठ नाही का ग?' म्हणून ओरडतंच; वाचलेला उखाणा अजून लोकांना पटत नाही. तर उखाणे घेतले आहेत, आणि फालतूही घेतले आहेत. निवडून चांगलेच दिले असते तर ती उखाण्यांची फसवणूक झाली असती.

सार्वजनिक जागेतली गोष्ट थोडी निराळी. तिथे जे बोलायचं ते झाकून नाही, उघड बोलायचं असतं, आणि गाणं चिलखताऐवजी कर्ण्याचं काम करतं. सत्यशोधक जलसे, मग आंबेडकरी जलसे, गिरणगावातल्या कलापथकांचे कार्यक्रम यांची परंपरा मोठी आहे. इथे तिची ओळखही पुरी होणार नाही. एकाच नावापाशी थांबतो. वामनदादा कर्डक, १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीला जन्मले, २००४ मध्ये गेले. शाळेत गेले नव्हते. वयात आल्यावर मुंबईत अक्षर शिकले आणि मग आयुष्यभर गाणी लिहीत, गात गावोगाव फिरले. साहित्याच्या इतिहासात त्यांना किती ओळी मिळतात हे ज्याने त्याने आपल्या शेल्फावरच्या ग्रंथात तपासून पाहावं. १४ एप्रिलला कुठल्याही गावच्या मिरवणुकीत उभं राहा, लाउडस्पीकरवरून कानावर येतील त्या गाण्यांत वामनदादा असतातच, आणि बरोबर गाणाऱ्या पोरांना कवीचं नाव माहीत असतं. मराठीतल्या किती कवींना हे भाग्य लाभलं? ६ डिसेंबरला चैत्यभूमीकडे जाणाऱ्या गर्दीत गाण्यांच्या छोट्या पुस्तिका विकायला असतात. वर म्हटलेली प्रकाशकांची तक्रार त्या रस्त्यावर लागू नाही.

पाठांतराबद्दल थोडक्यात. पूर्वी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी चालीत पाठ करून घेत. वाण्याच्या दुकानात साडेतीन शेराचा हिशेब जिभेवर असे तो त्या चालीमुळे. त्याला कविता कोणी म्हणणार नाही, पण कवितेचं हत्यार तेच. शाळेतली कविता याच हत्याराने मुलांत शिरते. १९६७ साली बालभारती सुरू झाली, तेव्हापासूनच्या पिढ्यांना एकत्र बांधणारी दुसरी फारशी गोष्ट नाही. अनोळखी दोन मराठी माणसं दुबईत किंवा न्यू जर्सीत भेटली आणि तिसरी-चौथीच्या पुस्तकातली कविता निघाली की दोघंही बाईंनी लावलेल्या चालीत ती म्हणून दाखवतात. चाली मात्र जुळत नाहीत, त्यावरून वाद होतो. पुढे सातवी-आठवीत 'संदर्भासह स्पष्टीकरण' आलं की हे प्रेम आटतं. कवीला काय सांगायचं आहे, हे पाच गुणांसाठी लिहायला लावलं की मुलांना कवी हा नीट न बोलता येणारा माणूस वाटू लागतो, आणि शिक्षक त्याचे दुभाषे.

'गीतरामायण' इथे आठवतं. १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर पुणे आकाशवाणीवरून ५६ गाणी गेली. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत. लोक रेडिओला हार घालत, समोर उदबत्ती लावत. त्यातल्या अनेकांनी आयुष्यात कवितेचं पुस्तक हातात धरलं नसेल. त्यांना कोणी रसिक म्हणत नाही. पण ५६ गाणी पाठ असलेला माणूस रसिक नाही तर मग कोण?

मृत्यूचा भाग लिहिताना आम्हाला सर्वांत जड गेलं. खेड्यात बाया मयताला हेल काढून रडतात. शहरातल्या माणसाला ते खोटं वाटतं, नाटकी वाटतं, कारण त्याच्या समजुतीप्रमाणे खरं दुःख मुकं असतं. पण नीट ऐकलं तर त्या रडण्यात बांधणी असते. गेलेल्याला हाक, मग त्याचा एक गुण, मग मागे राहिलेल्याची दशा, पुन्हा हाक. नवी बाई आली की ती या चालीत आपला एक गुण घालते: याने मला अमक्या दुष्काळात दाणे दिले, याने माझ्या पोराला शाळेत घातलं. दुपारपर्यंत त्या माणसाचं चरित्र अंगणात सांगून झालेलं असतं, त्यात त्याचे दोषही हळूच येऊन गेलेले असतात. हे आम्ही ध्वनिमुद्रित केलं नाही. तिथे मोबाइल पुढे धरणं आमच्याने झालं नाही. जे आहे ते नंतर बायांनी शांतपणे सांगितलेलं, म्हणून मूळपेक्षा फिकं.

शहरात याची जागा पुण्यस्मरणाच्या जाहिरातींनी घेतली. फोटो, दोन तारखा, खाली चार ओळी, खाली शोकाकुल परिवार. वर्तमानपत्राच्या जाहिरात विभागात अशा ओळींची तयार यादी असते. आईसाठी वेगळ्या, तरुण मुलासाठी वेगळ्या. घरचे त्यातून एक निवडतात. कधी कधी एखादा मुलगा यादी बाजूला सारतो आणि स्वतः लिहितो, आणि ते वाचताना वृत्त लंगडत असलं तरी वाचणारा सकाळचा चहा क्षणभर खाली ठेवतो. अशा काही जाहिराती नावं काढून इथे दिल्या आहेत. 'काव्यगुणांच्या दृष्टीने' त्या बसत नाहीत असं एका जाणकाराने हस्तलिखित वाचून कळवलं. त्यांचं म्हणणं मान्य आहे आणि जाहिराती तशाच ठेवल्या आहेत.

कुसुमाग्रजांच्या 'कणा'चं काय होतं तेही पाहण्यासारखं आहे. पुरात घर गेलेला एक जुना विद्यार्थी आपल्या सरांकडे येतो, एवढाच प्रसंग. पण कोल्हापूर-सांगलीकडे पाणी चढलं की ही कविता बाहेर येते. निरोपसमारंभात येते, कारखाना बंद पडला की येते, नापास झालेल्या भाच्याला मामा पाठवतो. इतकी वापरली की खरं तर ती झिजायला हवी होती. झिजली नाही, कारण तिच्यातला माणूस मदत मागायला आलेला नाही, आणि मदत न मागता संकट सांगायचं कसं हे आपल्या लोकांना कायम हवं असतं.

आता प्रस्तावनेच्याच धंद्याबद्दल. बहिणाबाई चौधरी, जळगावजवळच्या असोद्याच्या, १८८० ते १९५१. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि घरात काम करता करता त्या गाणी जुळवत, आणि मुलाने, सोपानदेवांनी, ती कागदावर उतरून ठेवली. त्या गेल्यावर ती वही आचार्य अत्र्यांपुढे आली आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. पुढे २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं. १९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला तो विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह. कवितांतले कित्येक शब्द आपल्याला कळले नाहीत, हे तेंडुलकरांनी तिथे मोकळेपणाने सांगितलं. दोन्ही प्रस्तावना मोठ्या मनाच्या आहेत. तरी एक गोष्ट नजरेतून सुटत नाही: शेतातली बाई असो की कामाठीपुऱ्यातला तरुण, कविता पुस्तकात शिरताना दारात एक ओळखीचा जामीनदार लागला. जात्यावर, मिरवणुकीत, फेरात असा जामीनदार कोणी मागितला नव्हता. मीही इथे तेच काम करतो आहे हे मला ठाऊक आहे. म्हणून या पुस्तकात प्रत्येक विभागाआधी टिपण नाही, ओव्यांचा अर्थ खाली दिलेला नाही, आणि बोलीतले शब्द 'शुद्ध' केलेले नाहीत. अडलं तर त्या भागातल्या एखाद्या म्हातारीला विचारावं. ती अर्थाबरोबर आणखी तीन ओव्या सांगेल.

कोणी म्हणेल, मग मर्ढेकरांचं काय, अरुण कोलटकरांचं काय, ज्यांची कविता कुठल्याच समारंभात कामाला येत नाही? त्यांना कमी लेखण्याचा इथे विचार नाही. रात्री दोनला झोप न येणारा माणूस मर्ढेकर काढतो तेव्हा त्यालाही बोलता न येणारंच काहीतरी म्हणायचं असतं, फक्त समोर जातं नसतं आणि पलीकडे सासूही नसते. पुस्तकातली कविता त्या एकट्या माणसाची आहे. तिच्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, आणखीही लिहिलं जाईल. आमचा विषय चारचौघांतल्या कवितेचा, जिच्यावर लिहायला कोणी बसत नाही कारण सगळे ती म्हणण्यात गुंतलेले असतात.

चाली छापता आल्या नाहीत, ही मोठी उणीव. स्वरलिपी देऊन पाहिली. ती वाचणाऱ्यांना ओव्या येत नव्हत्या आणि ओव्या येणाऱ्यांना ती वाचता येत नव्हती. तेव्हा वाचकाने निदान मोठ्याने वाचावं, लोकलमध्ये असेल तर ओठ हलवत.

गाड्यांच्या मागच्या ओळींचं प्रकरण सर्वांत छोटं आहे. साहित्य भरपूर, पण उतरवून घ्यायच्या आत सिग्नल सुटतो. खंबाटकीच्या घाटात एका मालट्रकच्या मागच्या फळीवर चार ओळींची छान रचना होती. ट्रक चढावर रेंगाळत होता म्हणून तीन ओळी लिहून झाल्या. चौथीवर चिखल होता. तीन ओळी तशाच दिल्या आहेत. यमकावरून पाहता चौथीत एकतर सासू असावी किंवा आरटीओ.